गोचीडनाथ आणि आठ पाय

नरडाण्याच्या पलीकडच्या खेड्यात, चुडामण आबांच्या खळ्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध जाजमावर गोचीडनाथ महाराज. समोर पितळी ताट, शेजारी शेगडीत फुललेले निखारे, हातात मोरपिसांचा कुंचा.

"भक्तहो, ताप म्हणजे काय? अंगात दडलेली गोचीड! सोनोग्राफीत दिसते? नाही! रिपोर्टात येते? नाही! गोचीडनाथाला दिसते?"

"दिसस!" खळं गरजलं.

"मग डोळे मिटा, टाळ्या वाजवा. जो डोळे उघडेल त्याच्या अंगात ती उडी मारेल!"

सगळ्यांनी डोळे गच्च मिटले. कुंचा मानेवरून फिरला आणि ताटात टण् झालं. ठिपक्याठिपक्यांची टम्म फुगलेली गोचीड! महाराजांनी ती लगेच निखाऱ्यावर टाकली. तडतडली आणि भपकन पेटली.

"पाहा, किती रक्त प्यायली होती!"

गर्दीच्या कडेला डॉ. कामिनी उभी होती. बावीस वर्षांच्या संशोधनात तिने आधी टाक्यांतल्या डासांच्या अळ्या मोजल्या, मग वाळूमाश्या, आणि उरलेला जन्म गोचिडींत घातला. गवतावरून पांढरी चादर ओढायची, चिकटलेल्या गोचिडी कुपीत भरायच्या, त्यांच्यात कोणत्या रोगाचे जंतू आहेत ते तपासायचं. गावात तिची ओळख 'चादर ओढणारी येडी' हीच. एरवी हा तमाशा पाहून तिची हसून हसून मुरकुंडी वळली असती. पण आज ताटासमोर तिची सख्खी काकू बसली होती, पुष्पाबाई. पाच दिवसांचा ताप, तळहातांवर लाल पुरळ. हा गोचीड-तापच असणार असं कामिनीला वाटत होतं. वेळेत गोळ्या घेतल्या तर बरा होतो, हयगय केली तर जीव घेतो. आणि महाराजांची अट अशी, की औषधाचा कण जरी पोटात गेला तरी काढलेल्या गोचिडी परत येणार!

"काकू, ऊठ. दवाखान्यात चल."

"तू जाय वं! इतली शिकनी आनि गोचिड्याच मोजस. बाबानी सात काढ्यात, अजून तीन अंगमा शेत."

कामिनीला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. तेवढ्यात तिच्या डोक्यात प्रकाश पडला. रक्त प्यायलेल्या हजारो गोचिडी तिने हाताळल्या होत्या. रक्त कधी भपकन पेटतं का? पेटतं ते तेल!

पुढच्या खेपेला तिने डोळे उघडेच ठेवले. कुंच्याच्या मुठीतून महाराजांचा अंगठा काहीतरी हळूच ढकलत होता. टण् झाल्याबरोबर तिने ताटच उचललं आणि चुडामण आबांपुढे धरलं.

"आबा, गोचिडीला पाय आठ. हिचे मोजा."

"मंत्राने पाय गळतात!" महाराज ओरडले.

आबांनी चष्मा चढवला. नखाने दाबलं. टरफल फुटलं, आत पांढरा गर.

"आरे, हाई ते एरंडी शे! मना बांधवरली!"

जन्मभर एरंडी झोडपणाऱ्या आबांनी आपल्याच सात एरंड्यांना हात जोडले होते. खळ्यात खसखस पिकली. काकू मात्र बावरून बसून राहिली.

कामिनीने तिचे केस बाजूला केले. कानामागे तिळाएवढी खरीखुरी गोचीड चिकटलेली. आठ वेळा कुंचा फिरूनही ती जागची हलली नव्हती. कामिनीने बारीक चिमट्याने ती कातडीलगत धरली आणि सरळ, सावकाश ओढून काढली.

"ताप हिनेच आणला की हिच्या बहिणीने, ते तपासल्यावर कळेल. महाराज, घ्या, ही खरी."

चिमट्याच्या टोकाला आठ पाय वळवळले. महाराज कुंचा टाकून थेट खळ्यातल्या ट्रॅक्टरच्या सीटवर चढले.

"दूर ने, बाई! चावेल ना!"

काकू आधी महाराजांकडे बघत राहिली, मग उठली. "चाल पोरी, दवाखानामा."

शिंदखेड्याला गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आता बांधावर चादरीचं दुसरं टोक काकू ओढते आणि हसणाऱ्यांना दम भरते. गुराढोरांत वावरलात तर घरी येऊन अंग तपासा, ताप आला तर दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर डोळे मिटू नका. त्याच्या पाया पडण्याआधी, ताटात काय पडलंय त्याचे पाय मोजा.