गवत हिरवं झालं म्हणून

"हिरवं झालं हो, हिरवं झालं!" असा आक्रोश करत दुसऱ्या मजल्यावरचा विमा एजंट जिना उतरून आला, तेव्हा आमच्या इमारतीच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मूल घ्यावं तशी त्याने कडेवर एक कुंडी घेतली होती. कुंडीत गवत होतं आणि ते हिरवं होतं.

एरवी ही काही बातमी नव्हे. पण गर्दीतून "अरेरे!" असा सूर उमटला, आणि एजंटाची बायको नवऱ्यापासून सरकून लांब उभी राहिली.

"बोल," उंच खुर्चीवर बसलेले गवतबुवा म्हणाले, "काय लपवलंस?"

"काही नाही हो, बुवा! शपथ!"

"बघा, बघा! शपथ घेतली आणि पातं आणखी हिरवं झालं!"

मी पाहिलं. गवत होतं तसंच होतं. पण पुढच्या रांगेतले चौघे "झालं, झालं!" म्हणून ओरडले, आणि मग बाकीच्यांनाही दिसायला लागलं. एजंटाचा धीर सुटला. शेजाऱ्याचं वर्तमानपत्र आपण आधी वाचतो आणि घडी घालून परत ठेवतो, असं त्याने कबूल केलं. गवत काही बदललं नाही. मग सासरे दवाखान्यात होते तेव्हा आपण भेटायला न जाता सिनेमाला गेलो होतो, हेही त्याने सांगून टाकलं.

"कोणाबरोबर?" बायकोने विचारलं.

तिथून पुढे जे झालं ते लिहिण्यासारखं नाही.

हे गवतबुवा सहा महिन्यांपूर्वी आमच्या वस्तीत उगवले होते. हिरवा कोट, जांभळी टोपी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला समजलं नाही तरी मान डोलवावी. "गवताला जीभ नाही, म्हणून ते खोटं बोलत नाही! गवताला कान नाहीत, म्हणून ते सगळं ऐकतं! मूळ मातीत, माती सत्यात, सत्य पात्यात!" कान नसताना ऐकतं कसं, हे कोणी विचारलं नाही. त्यांच्या गवताचं नाव सत्यतृण. दिसायला मात्र ते खरोखर देखणं होतं. गर्द जांभळी, कमानीसारखी वाकलेली पाती आणि वर मांजराच्या शेपटीसारखे मऊ तुरे. ज्या घरात खरं बोललं जातं तिथे ते जांभळंच राहतं, आणि खोटं शिरलं की हिरवं पडतं, असं बुवा सांगत. हिरवं पडलेलं गवत ते 'शुद्धी'साठी टेकडीवरच्या आपल्या आश्रमात घेऊन जात. काही आठवड्यांनी कुंडी जांभळी होऊन परत यायची. शुद्धीची दक्षिणा वेगळी.

बघता बघता घरोघरी कुंड्या झाल्या. माणसं पाहुण्यांना आधी गवत दाखवू लागली आणि मग पाणी विचारू लागली.

मी दातांचा डॉक्टर. तळमजल्यावर मागच्या बाजूला माझं घर, आणि त्याच्याच बाहेरच्या खोलीत दवाखाना. आमच्या खिडक्यांसमोर एका गोदामाची भलीमोठी भिंत आहे. कुंडी बायकोने आणली. मी म्हटलं, "कशाला?" ती म्हणाली, "सगळ्यांकडे आहे. आपल्याकडे नसली तर लोक म्हणतील, यांना भीती वाटते." मी दवाखान्याच्या खिडकीत कुंडीला जागा करून दिली. महिना-दीड महिन्यात आमचं गवत कोथिंबिरीसारखं हिरवंगार झालं.

पेशंट कमी होऊ लागले. एक जण गाल टम्म सुजवून आला. मी म्हटलं, "घाबरू नका, अजिबात दुखणार नाही." त्याने खिडकीतल्या कुंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तसाच गाल धरून निघून गेला.

इथवर मी हसत होतो. पण मग एका संध्याकाळी होणारे व्याही आमच्याकडे आले.

माझ्या मुलीचं लग्न याच इमारतीत, पुढच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाशी ठरलं होतं. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. मुलाचे वडील वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, सरळ माणूस. ते खुर्चीच्या टोकावर बसले. मुलगा मागे उभा राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"डॉक्टर, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "तुमची कुंडी दोनदा शुद्धीला जाऊन आली. दोन्ही वेळा परत हिरवी झाली. आमची आल्यापासून जांभळी आहे. अशा घरात सोयरीक कशी करायची, सांगा."

"अहो, गवत आहे ते!"

"म्हणूनच. माणसाने सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता."

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिने त्या मुलाकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. तो बोलला नाही. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. जोरात आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने ते अगदी हळू लावलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या सासूबाई आल्या. त्या पुढच्या बाजूला चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांच्याविषयी आधी सांगायला हवं. माझ्या सासूबाई खोटं बोलतात. गरज म्हणून नव्हे, हौस म्हणून. पत्ते खेळताना तर बोलतातच. पण भाजी स्वस्त मिळाली तर महाग सांगतात, महाग मिळाली तर स्वस्त सांगतात. आपण तरुणपणी सर्कशीत झोक्यावर काम करत होतो, असं त्यांनी माझ्या लग्नात माझ्या मित्रांना सांगितलं होतं. त्यातल्या दोघांचा अजून विश्वास आहे.

"जावईबापू," त्या कडाडल्या, "माझं गवत जांभळं आहे!"

"अभिनंदन."

"कसलं अभिनंदन! जन्मभर मी एक वाक्य सरळ बोलले नाही, आणि ते मेलं मला सत्यवचनी म्हणतंय? आणि माझी नात, जिला साधी थाप मारता येत नाही, तिच्या घरचं हिरवं? मी शिकवायचा प्रयत्न केला होता हो तिला. नाही जमलं पोरीला."

आतलं दार उघडलं. मुलगी बाहेर आली. डोळे सुजलेले होते, पण ती हसत होती.

"आजी, तू गवताशी कधी बोलली आहेस?"

"रोज! महिनाभर झाला, बाल्कनीत बसून त्याला थापा मारतेय. मी राजघराण्यातली आहे म्हणून सांगितलं. माझं वय तीस आहे म्हणून सांगितलं. ते आणखी जांभळं झालं!"

मुलगी खाली बसली आणि बोटांवर मोजत म्हणाली, "बाबा, हिरवं कोणाकोणाचं झालंय? आपलं. एजंटकाकांचं. शिवणकामवाल्या मावशींचं. सगळे मागच्या बाजूचे. पुढचं एकही नाही."

"म्हणजे पुढे सगळे हरिश्चंद्र आणि मागे सगळे लबाड?" सासूबाई म्हणाल्या. "मग मला मागे घर द्यायला हवं होतं."

"पुढे काय आहे जे मागे नाही?" मुलीने विचारलं. आणि तिघांनीही एकदमच खिडकीबाहेरच्या गोदामाच्या भिंतीकडे पाहिलं.

नुसतं कळून भागणार नव्हतं, दाखवावं लागणार होतं. सासूबाईंनी आपल्या कुंडीतला गवताचा ठोंब उपटला. पाव कापायच्या सुरीने त्याचे मुळांसकट दोन भाग केले आणि दोन कुंड्यांत लावले. खालची मुळं निम्मी कुजलेली निघाली, कारण बुवांनी दिलेलं मंतरलेलं पाणी घालून घालून मातीचा चिखल झाला होता. कुजकं छाटलं, तळाशी खडी घातली आणि माती वाळल्यावरच पाणी द्यायचं ठरवलं. एक कुंडी बाल्कनीत उन्हात, दुसरी त्याच घराच्या अंधाऱ्या बोळात. घर एकच, ठोंब एकच, आणि खोटं बोलणारी बाईही एकच.

नवी पाती येईपर्यंत मुलगी स्वस्थ बसली नाही. बस पकडून ती टेकडीवरचा आश्रम बघून आली. "बाबा, तिथे मंत्र नाही की तंत्र नाही," ती म्हणाली. "उघडं माळरान आहे. औषधाला सावली नाही. कुंड्या ओळीने उन्हात ठेवल्यात आणि एक माणूस बादलीने पाणी घालतोय. मी विचारलं, शुद्धी कधी होते? तो म्हणाला, पावसाळी हवा असली की उशिरा होते."

बुवांच्या पुढच्या दरबाराला आम्ही गेलो. सासूबाईंनी दोन्ही कुंड्या टेबलावर ठेवल्या. एक जांभळी, एक हिरवी.

"दोन्ही माझ्या," त्या म्हणाल्या. "एकाच ठोंबाचे दोन तुकडे. आता सांगा बुवा, मी खरी की खोटी?"

गर्दी पुढे सरकली. बुवांनी डोळे मिटले. "माते, बोळात तू असत्य बोललीस. बाल्कनीत सत्य."

"उलट! बोळात मी तोंड उघडलं नाही. थापा सगळ्या बाल्कनीत मारल्या."

"मग... बाल्कनीत बोललेल्या असत्याची लाज बोळातल्या गवताला वाटली!"

कोणीतरी खुदकन हसलं. पहिलं हसू फार महत्त्वाचं असतं. मागोमाग अख्खं आवार हसायला लागलं.

मग मी उभा राहिलो आणि सांगितलं, "या गवताची जातच अशी आहे. ऊन भरपूर मिळालं की पानात जांभळा रंग तयार होतो. सावलीत तो तयार होत नाही, नवी पाती हिरवी येतात. मागच्या घरांना ऊन नाही. टेकडीवर आहे. एवढीच शुद्धी." मुलीने आश्रमात काय पाहिलं ते सांगितलं. एजंटाने आपली कुंडी पुढच्या बाजूच्या एका बाल्कनीत ठेवायची परवानगी तिथेच मागितली. त्याच्या बायकोने मात्र सिनेमाचा विषय सोडला नाही.

सासूबाई व्याह्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही नोकरीत होतात तेव्हा तराजू तपासल्याशिवाय कुठल्या दुकानदारावर विश्वास ठेवलात?"

"नाही," ते म्हणाले.

"मग हा तराजू का नाही तपासलात?"

ते जाब विचारायला बुवांकडे वळले. पण हे सगळं चालू असताना बुवांची खुर्ची रिकामी झालेली होती.

एक गोष्ट मात्र मला अनपेक्षित होती. मागच्या बाजूचे लोक खूश झाले, पण पुढच्या बाजूचे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ज्यांच्यावर खोटेपणाचा आळ आला होता त्यांचा आळ गेला. पण ज्यांना खरेपणाचं फुकट प्रशस्तिपत्र मिळालं होतं, त्यांचं तेही गेलं. ते कोणाला आवडेल?

व्याही मुलाला घेऊन माफी मागायला आले. मनापासून मागितली. मुलीने त्यांना नमस्कार केला आणि मुलाला विचारलं, "तुला माझ्यावर शंका आली होती?"

"नाही," तो म्हणाला.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"बाबांसमोर..."

"तुझ्या बाबांनी निदान गवताला तरी विचारलं. तू कोणालाच विचारलं नाहीस. मलाही नाही. मला विचार करायला वेळ हवा."

तिचा विचार अजून चालू आहे. तो रोज संध्याकाळी एकटा येऊन विचारतो, ही सुधारणाच म्हणायची.

वाचकहो, घरात हे गवत जरूर लावा. फार सुंदर दिसतं. त्याला ऊन द्या, पाणी बेताने द्या, वाळलेली पाती छाटत जा. पण त्याच्याकडून शेजाऱ्याची चौकशी करू नका. चमत्कार दिसला तर आधी तो दुसऱ्या खिडकीत ठेवून बघा. आणि एखाद्या माणसाविषयी खरं काय ते जाणून घ्यायचं असेल, तर दोन जिने उतरा, दार वाजवा आणि त्या माणसालाच विचारा.