वाळूच्या बेटावरचा दिवा

सुखराम मेश्राम ओडिशाकडं एका दीपगृहात नोकरीला होते. १९७६ साली निवृत्त होऊन दिघोरीला परतले. गावात समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता, म्हणून जो भेटेल त्याला ते दीपगृहाची हकीकत सांगू लागले. समोर उघडा समुद्र, मागं शांत खाडी आणि मधोमध वाळूचं लांबट बेट. इंग्रजांनी बांधलेला पहिला मनोरा समुद्रानं खाल्ला. मग दुसरा बेटाच्या आतल्या अंगाला बांधला. चक्कीवर पीठ दळेपर्यंत, शेताच्या धुऱ्यावर बिडी संपेपर्यंत त्यांचं सांगणं चाले.

त्यांचा मुलगा ताराचंद जवळच्या गावी शाळामास्तर होता. लोक मागून बाबांना ‘कंदीलवाला’ म्हणतात, हे त्याच्या कानावर आलं होतं. बाबा सुरू झाले की तो तिथून उठायचा.

पुढच्या उन्हाळ्यात वरठीच्या बाबुलाल रामटेक्यांची मुलगी वच्छला पाहायला बापलेक गेले. बाबुलाल रेल्वेत होते. त्यांनी सहज विचारलं, “तुमी कुठं होते नोकरीले?”

बाबांनी तोंड उघडायच्या आत ताराचंद बोलला, “बंदरात आफिसर होते.”

सुखरामांनी मुलाकडं एकदा पाहिलं. मग बशी उचलून म्हणाले, “पोहे चांगले झाले.”

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दिवसापासून मुलासमोर त्यांनी दीपगृहाचं नाव काढलं नाही.

लग्न झालं. एका शनिवारी ताराचंद शाळेतून लवकर आला. अंगणात सायकल टेकवताना आतून बाबांचा आवाज ऐकू आला. वच्छला तांदूळ निवडत होती आणि ते तिला सांगत होते, “वादळात वरची काच फुटली. भिंग फिरवाचं यंत्र अडकलं. म्या अन् माह्या जोडीदारानं उजाडेपर्यंत हातानं फिरवलं. दूर एक जहाज भोंगा वाजवून राह्यलं होतं. आमाले वाटलं, शिव्या देऊन राह्यलं. मंग समजलं, आभार मानून राह्यलं.”

ताराचंदनं हे कधीच ऐकलं नव्हतं. तो आत गेला तसे बाबा थांबले. “मास्तर आले. पाणी दे त्यायले,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर तो कितीदा तरी स्वतःच्याच घराबाहेर चोरासारखा उभा राहिला. आत पाऊल टाकलं की गोष्ट थांबायची.

शेवटी त्याला राहवेना. तो वरठीला गेला आणि सासऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला, “मामाजी, म्या तुमाले खोटं सांगतलं. बाबा आफिसर नव्हते. दीपगृहात दिवा लावत.”

“मालूम हाय मले,” बाबुलाल म्हणाले. “तुमी पाहून गेल्यावर ते एकटेच आले होते ठेसनावर. समदं खरं सांगतलं. म्हणाले, आता पटत असन तं पोरगी द्या. वच्छलालेबी मालूम होतं. तिनंच म्हटलं, याच घरी जातो.”

“मंग मले काहून नाही सांगतलं?”

“त्यायनं हात जोडले होते, जवाईबापू. म्हणाले, म्या येऊन गेलो हे पोराले नोका सांगू. त्याले लाज वाटन.”

ताराचंदला समोरचा चहा पिववेना. सासऱ्याकडं वर बघायचाही धीर झाला नाही.

घरी आला तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. तो त्यांच्या पायाशी बसला. पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं, पण निघालं एवढंच, “बाबा, मले बी सांगा ना दीपगृहाचं.”

“तुले कायले?”

“चुकलो म्या. वरठीले जाऊन आलो.”

सुखरामांनी आधी रस्त्याकडं पाहिलं. मग त्यांनी सुरुवात केली, पहिल्या मनोऱ्यापासून, पार दबक्या आवाजात. रस्त्यानं कोणी गेलं की थांबत, माणूस दूर गेला की पुन्हा बोलत.

“मोठ्यानं सांगा ना बाबा,” ताराचंद म्हणाला.

“नोको,” सुखराम म्हणाले. “लोक आयकतीन.”