कोकिळेची रिकामी तार

जुनी आहे मी, मित्रांनो. सागाची चौकट, तिच्यात आडव्या तारा आणि तारांत ओवलेले लाकडी मणी, एवढंच माझं रूप. मणिचौकट म्हणतात मला. चिखलीच्या मोतीराम सुताराने मला घडवलं. शेवटचा मणी ओवून झाल्यावर त्याने मला कपाळाला लावलं आणि म्हणाला, "लेकराइच्या कामी पड, माय." तो आशीर्वाद मी अजून विसरलेले नाही.

आधी लहान मुलं माझ्यावर बेरजा शिकली. मग, वऱ्हाड मध्यप्रांताबरोबर नांदत होतं त्या काळात, मला हायस्कुलात नेलं. तिथले इंग्रजीचे हिंमतराव सर मोठे शिस्तीचे. दर सोमवारी ते वर्गात इंग्रजीतून चर्चा घेत. प्रत्येकाला माझी एकेक तार वाटून दिलेली, तारेच्या टोकाला नावाची चिठ्ठी डकवलेली. कुणी उठून बोललं की सर त्याचा एक मणी सरकवत. टक्! दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ज्याची तार रिकामी राहील त्याला मॅट्रिकला बसवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. देवापुढे जपमाळ ओढावी तसं माझं काम आहे, असं मला वाटायचं आणि मी सुखावायचे.

सगळ्यात भरलेली तार शालिग्रामची. विषय कोणताही असो, तो उठायचा, "येस सर, आय ॲग्री," म्हणायचा आणि बसायचा. टक्!

सगळ्यात खालची तार कोकिळेची. वर्गातली ती एकटी मुलगी. चर्चा आषाढ सरता सरता सुरू झाल्या आणि पहिल्याच सोमवारपासून ती तोंड उघडेना. मागच्या बाकावरून पोरं चिडवायची, "काऊन वं कोकिळे, घरी जीभ ठेवून आली काय?" ती मान वर करून बघायची आणि पुन्हा पुस्तकात बघायची.

एका मंगळवारी ती आपण होऊन सरांपुढे उभी राहिली. तिने सांगितलं, तिचे वडील विषमज्वराने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा तिने महादेवाला शब्द दिला होता. ते उठले, मळ्यात जाऊ लागले. म्हणून चातुर्मासातले सगळे सोमवार दिवस मावळेपर्यंत तिचं मौन होतं.

सर म्हणाले, "अगं, मग चर्चेचा वार बदलू का?"

"नाही सर. नवस माहा, वर्गानं काऊन सोसावा? मले फक्त पाटी घेऊन बसू द्या. आई म्हणते, आपण वाचेच्या मौनाचा नवस बोललो, हातही न हलवायच्या काष्ठमौनाचा नाही. हात मोकळे हायेत."

"पाटीला मणी मिळणार नाही हो. नियम सगळ्यांना एक."

"हाव सर," ती म्हणाली. नुसतं एवढंच.

पुढल्या सोमवारी विषय होता, गावात आधी रस्ता की आधी विहीर? एकामागून एक मुलं उठली. रस्ता, रस्ता, रस्ता. माझे मणी टकटकत होते. तेवढ्यात कोकिळेने उभं राहून पाटी वर धरली. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'घरी पाणी कोण भरतं? त्यांना कुणी विचारलं का?'

सगळ्यांच्या माना पाटीकडे वळल्या. मग शालिग्राम उठला, पण या वेळी 'आय ॲग्री' त्याच्या तोंडून निघेना. अडखळत, चुकत, तो पाण्याच्या घागरी वाहून आपल्या आईच्या खांद्यावर पडलेल्या वळाबद्दल इंग्रजीत बोलला. त्याला खोडून काढायला दुसरा उठला, दुसऱ्यावर तिसरा. असा वर्ग मी कधी पाहिला नव्हता. सगळ्यांच्या तारांवर मणी सरकले. कोकिळेची तेवढी तार होती तशीच राहिली.

अशी तिची पाटी दर सोमवारी वर येत राहिली. बघता बघता दिवाळीआधीचा शेवटचा सोमवार आला. तिचं मौन सुटायचं होतं कार्तिकी एकादशीला, म्हणजे दिवाळीनंतर.

सरांचा आवाज त्या दिवशी मऊ झाला होता. "कोकिळा, तुझ्यासाठी थांबलोय. एकच वाक्य बोल. तेवढ्यावर भागेल."

तिचे ओठ विलगले. मला वाटलं, आता बोलते. तिने पाटी ओढली, लिहिलं, 'शब्द दिला आहे, सर,' आणि ताठ उभी राहिली. डोळे भरले होते, पण मान खाली गेली नाही.

सरांनी तिच्या नावाची चिठ्ठी काढायला हात पुढे केला. त्या क्षणी मला माझ्या मण्यांचा भार झाला, मित्रांनो.

"सर!" शालिग्राम उठला.

"आय ॲग्री म्हणायचं असेल तर बस खाली."

वर्ग हसला. शालिग्राम नाही हसला. "मराठीत बोलू द्या सर. त्या विहिरीच्या दिवशी मी बोललो ते इनं विचारलं म्हणून. तो मणी माहा नाही." तो पुढे आला आणि त्याने स्वतःचा एक मणी मागे लोटला. मागच्या बाकावरचा, सगळ्यात जास्त चिडवणारा, पुटपुटला, "माहाही एक काढ बे."

सरांनी चिठ्ठीवरचा हात मागे घेतला. मग त्यांनी स्वतःच्या बोटाने कोकिळेचा मणी सरकवला. म्हणाले, "ज्याच्यामुळे दुसऱ्याला बोलावंसं वाटलं, तोही चर्चेत होता. आजपासून हाही नियम." चिठ्ठी जागेवर राहिली.

एकादशीनंतरच्या सोमवारी शालिग्राम सवयीने "येस सर, आय..." म्हणतो न म्हणतो तोच शेजारच्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "नो सर! आय डू नॉट ॲग्री!" केवढा हशा पिकला! कोकिळा बोलत राहिली, चुकत राहिली, चूक सुधारून पुन्हा बोलत राहिली. सरांचं बोट मण्यावर टेकलेलं होतं, पण तिचं बोलणं पुरतं संपेपर्यंत त्यांनी तो सरकवला नाही. ते ऐकत होते.

आता मी शाळेच्या कपाटावर असते. एक तार गंजून तुटली आहे, मण्यांवर धूळ बसते. जमलं तर ती पुसा. नाही पुसलीत तरी माझी तक्रार नाही. एवढंच करा, बाळांनो. तुमच्यातलं कुणी गप्प बसलं असेल, तर त्याची तार रिकामी आहे असं म्हणण्याआधी त्याच्या हातातली पाटी वाचा.