सादिरने तासलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे, फळ्यावरची अक्षरं दाखवणारी. १९३१ साली नारिन नदीकाठच्या आमच्या गावात बायकांची शाळा निघाली. तेव्हा म्हाताऱ्या सादिरने डोंगरातल्या आर्चाच्या झाडाची फांदी तासून मला घडवलं, मेंढीच्या चरबीने घासून गुळगुळीत केलं. त्याची सून सुयुमकान त्याच शाळेत शिकत होती.

शिक्षिका काल्यिपा मला अक्षरांवरून फिरवी, पण तिचे डोळे बायकांच्या ओठांवर असत. कोण अडखळते, कोण शेजारणीचं ऐकून बोलते, तिला सगळं ठाऊक असे.

वसंतात शहरातून गाबितोव नावाचा निरीक्षक परीक्षा घ्यायला आला. नापास होईल तिची शाळा त्याच दिवशी बंद. त्याने मनाला येईल ते वाक्य फळ्यावर लिहिलं, 'सादिर मेंढ्या घेऊन गेला', आणि मला सुयुमकानवर रोखलं.

तिने वाचलं, "आमच्या घरचे मोठे मेंढ्या घेऊन गेले."

"लिहिलंय काय नि वाचतेस काय? परत!"

"आमच्या घरचे मोठे..."

आता तुम्हीच सांगा, सून सासऱ्याचं नाव कसं घेणार? बायका तोंडाला रुमाल लावून हसल्या. गाबितोवला वाटलं, आपल्यालाच हसतात. त्याने मला तिच्या बोटांवर हाणलं. पुन्हा हाणलं. नख फुटलं, रक्त माझ्या अंगात मुरलं.

काल्यिपा धावली. "अहो, वाचता आलं म्हणूनच तर नाव टाळलं तिने! हिवाळाभर बघतेय मी तिला!"

"बघण्याला गुण नसतात, बाई!" तो ओरडला आणि पुढचा फटका काल्यिपाच्या कपाळावर बसला. भुवई उकलली. सुयुमकानने रक्ताळल्या हातांनी माझं टोक धरलं. तो मला खेचत तिला लाथा घालू लागला.

आरडाओरडा ऐकून सादिर आत शिरला. त्याने मला हिसकावलं आणि गुडघ्यावर मोडलं.

"वाचायला दिली होती रे ही, गाढवा! गुरं हाकायला नव्हे!"

तरी सुयुमकानची शाळा सुटलीच.

गाबितोवला पुढे बढती मिळाली. काल्यिपा कपाळावरचा व्रण घेऊन म्हातारपणापर्यंत शिकवत राहिली. सुयुमकानला तिने आपल्या चुलीपाशी बसवून शिकवलं. सादिर गेला, तेव्हा त्याच्या कबरीच्या दगडावर अक्षरं सुयुमकाननेच कोरली. सबंध नाव, न चुकता. उच्चारलं मात्र कधीच नाही.

माझे दोन तुकडे तिने चामड्याच्या वादीने बांधून ठेवलेत. मित्रांनो, कोणी भलतंच उत्तर दिलं, तर मला उचलण्याआधी जरा वेळ त्याच्याकडे बघत बसा.