तुटलेल्या शिक्क्याचा खांदा

“अहो, घात झाला!” वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई थोरलीच्या दारात उभ्या होत्या. हातात उघडलेलं पुडकं, आणि चेहरा असा की जणू घर पेटवून आल्यात. “माझा भाऊ मटण ठेवून जाणार होता. जिन्यात दोन पुडकी दिसली, मी दोन्ही उचलली, दोन्ही फोडली. मग बघते तर एका कागदावर तुमच्या त्या दुकानाचा शिक्का! दोन्हींत मेंढीचा खांदा, दोन्ही हाड काढलेले. दोऱ्यासुद्धा कापून टाकल्या मी. हा तुमचा.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “बहुधा.”

त्या ‘बहुधा’नेच सगळा घोळ केला. कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम, पाळणाऱ्या घरात बहुधाला जागा नसते. मांस नजरेआड गेलं आणि वरचा शिक्का तुटला, की ते खायचं नाही. हां, एक वाट असते. ते मांस ओळखणारा कुणी भेटला आणि त्याने निशाणी सांगून ‘हे तेच’ म्हटलं, तर चालतं. नाहीतर नर्सबाईंसारख्या शेजाऱ्यांची चंगळ.

पण थोरलीला खांद्यापेक्षा दुसराच प्रश्न छळत होता. पाठवला कुणी? तिने काही मागवलं नव्हतं. पंधरा दिवस तापाने अंथरुणाला खिळलेली बाई. कालपासून कुठे शिवणयंत्रापाशी बसायला लागली होती. आणि त्या दुकानातून तिला फुकट हाडूकही येण्याची शक्यता नव्हती, कारण ते दुकान तिच्या बापाचं.

दोन वर्षांपूर्वी गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात ती मोठ्याने बोलून गेली होती, “बाबा, हात थरथरतोय तुमचा. सुरी ठेवा खाली, बोट जाईल!” काळजीने बोलली हो, पण बोलली चारचौघांत. बापाने सुरी खाली ठेवली, ती परत उचलली नाही. लेकीशीही त्या दिवसापासून अबोला. दुकान पुतण्याने हातात घेतलं, आणि म्हातारा कोपऱ्यात स्टुलावर बसून पुड्यांना दोऱ्या बांधत राहिला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही धडधाकट होता.

तेव्हापासून थोरली दुसऱ्या गल्लीतली बाई पाठवून तिथलं मांस मागवायची. आज मात्र कुतूहल तिला घरात बसू देईना. पुडकं पिशवीत घातलं, डोक्याला रुमाल बांधला आणि निघाली.

दुकान होतं तसंच होतं. काचेमागे मानेचे तुकडे, छातीचा जाड पट्टा, बरगड्या, जीभ. खालच्या कप्प्यात कोंबडीच्या मांड्या, पंख, गळे. कलेजी वेगळ्या ताटात, कारण तिच्यात रक्त फार. बाकीच्या मांसासारखं मीठ लावून भागत नाही, उघड्या आगीवर भाजावीच लागते. रांगेत एक नवखा गृहस्थ विचारत होता, “मागच्या मांडीचं नाही का काही?”

“आमचा बोकड अर्धाच असतो, साहेब,” पुतण्या हसून म्हणाला. “मागच्या भागातली एक शीर आणि काही चरबी आम्हाला वर्ज्य. ती कोरून काढणारा आता मिळत नाही, म्हणून मागचा भाग दुसऱ्या खाटकाकडे जातो.” तेवढ्यात त्याला थोरली दिसली. “अगं ताई! तू?”

स्टुलावरच्या म्हाताऱ्याने मान वर केली नाही. फक्त दोरी बांधणारे हात थांबले.

थोरलीने पुडकं फळीवर उघडलं आणि झाला प्रकार सांगितला. पुतण्याने डोकं खाजवलं. “मी नाही पाठवला. पण सकाळी कपाटात एक खांदा कमी होता खरा. म्हटलं, आपणच मोजायला चुकलो.”

दुकानावर धर्माच्या बाजूने देखरेख करणारे एक जाड भिंगाचे गृहस्थ होते. सगळे त्यांना शिक्केकाका म्हणत. ते पुढे आले, मांस फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “कागद आपला, शिक्काही आपला. पण आतला माल आपलाच कशावरून? दुसरा खांदाही त्या बाईंनी सोबतच उघडला होता. निशाणी लागेल.”

“दोरीची गाठ असती तर ओळखलं असतं,” पुतण्या म्हणाला. मग खाली वाकला आणि फसकन हसला. “छे, आपला नव्हेच हा! कड बघा. करवतीसारखी दातेरी. कुणा शिकाऊने कापलेला दिसतो. अशी सुरी चालवणाऱ्याला मी दारात उभा करणार नाही.”

रांगेतले दोघे-तिघेही हसले. थोरलीने त्या कडेकडे पाहिलं. आयुष्यभर कापडाच्या कडा पाहिलेली बाई ती. हाड काढलेलं होतं ते एका सरळ, अचूक रेघेत. कुठे काय कापायचं हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाचं काम. दाते होते ते फक्त कडेला, बारीक, एकसारख्या अंतराने. शिकाऊ चुकतो तेव्हा असा चुकत नाही.

हा बाबांचा हात होता. पहाटे, दुकान उघडायच्या आधी, एकट्यानेच. दोन वर्षांनी सुरी उचलली, आणि ती हिला ताप आला म्हणून.

“काय पोरी, ओळख पटते?” शिक्केकाकांनी विचारलं.

निशाणी तिच्या जिभेवर होती. पण ती सांगायची म्हणजे तेच वाक्य पुन्हा बोलायचं, त्याच दुकानात, तशाच भरल्या रांगेसमोर. नाही सांगितली तर म्हाताऱ्याची पहाटेची मेहनत नर्सबाईंच्या पातेल्यात. जाऊ दे पातेल्यात, तिने ठरवलं.

“नाही काका,” ती म्हणाली. “नाही ओळखता येत मला.”

शिक्केकाकांनी सुस्कारा टाकला आणि कागद गुंडाळायला घेतला.

“खोटं बोलतेय ती.”

सगळे वळले. म्हातारा स्टुलावरून उठला होता. लेकीकडे न बघता तो शिक्केकाकांशीच बोलत होता. “मांसाच्या बाबतीत या दुकानात कुणी खोटं बोललेलं मला चालत नाही. तो खांदा माझा आहे.”

“कशावरून?” शिक्केकाका हटेनात. नियम तो नियम. “दादा, तुम्ही म्हणता म्हणून कसं मानू? निशाणी?”

म्हाताऱ्याने कपाटातून दुसरा खांदा काढला आणि पुतण्याच्या हातातली सुरी मागून घेतली. त्याने हाडाच्या कडेने सुरी घातली, सरळ, न चाचपडता. आणि बाहेर काढताना हात थरथरला. सगळ्यांनी पाहिलं. त्यानेही लपवलं नाही, सावकाश शेवटपर्यंत कापत नेलं, आणि तो तुकडा पुडक्यातल्या खांद्याशेजारी ठेवला.

तेच दाते. तेच अंतर.

पुतण्याचा चेहरा खर्रकन उतरला. “काका, मला माहीत नव्हतं हो...”

“दारात उभा करू नकोस मला,” म्हातारा म्हणाला, “आतच राहतो मी.” रांगेत कुणीतरी हसलं, मग पुतण्याही रडवेला हसला. शिक्केकाकांनी भिंगं पुसली, दोन्ही तुकडे नाकाजवळ नेऊन पाहिले आणि खिशातून नवा शिक्का काढला.

म्हातारा दोरी बांधायला बसला. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा थोरलीने पुढे होऊन दोरीवर बोट दाबून धरलं, आणि त्याने ते धरू दिलं.

गाठ आवळताना त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

“ताप उतरला?” त्याने विचारलं.