आधी भिंती

हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचे रात्रीचे फोटो काढायचं काम फोटोग्राफरला मिळालं, तेव्हा त्याची आई त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पडून होती. तिला त्याचं कोण कौतुक! खिडकीत उभी राहते, मलाही घे म्हणाली. जन्मभर पोराने दगडविटांचे फोटो काढले, आईचा एक धड काढला नाही, हा टोमणाही तिने नर्ससमोर मारून घेतला.

रात्रीची इमारत मोठी खट्याळ. काळोखातल्या भिंती दिसाव्यात म्हणून कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं ठेवावं, तर खिडक्या जळून पांढऱ्याफटक. खिडक्या सांभाळाव्यात, तर भिंती गायब. म्हणून तो दोन्ही वेगवेगळं टिपायचा आणि घरी बसून जोडायचा. आधी भिंती, मग खिडक्या. दिवे काय, लागलेलेच असतात, पळून थोडेच जातात, असं त्याचं म्हणणं.

दिवेलागणीनंतर आई नर्सच्या आधाराने खिडकीत आली. तिने हात हलवला, यानेही हलवला आणि हा भिंतींच्या मागे लागला. मध्येच गाडीचा उजेड आला, मग कॅमेऱ्याची तिवई हलली. कामात महाशय पक्के हट्टी, पुन्हा पुन्हा काढत राहिले. खिडक्यांची पाळी येईतो आई दमून पलंगावर गेली होती. तिने फोनवर विचारलं, "आले का रे मी?"

"झकास आलीस," त्याने थाप मारली. उद्या काढू, असं मनाशी म्हणाला.

पहाटे ती गेली.

भिंतींच्या फोटोंतली ती खिडकी त्याने कॉम्प्युटरवर किती वेळा गडद करून पाहिली. पांढऱ्याचं राखाडी झालं, आई काही उमटली नाही. जळलेल्या जागेत काही उरत नाही, हे तोच नवशिक्यांना शिकवायचा. त्याला स्वतःची शिसारी आली.

लांब राहणाऱ्या ताईला वेळेवर पोचता आलं नव्हतं. आईने तिला फोटोचं सांगितलं होतं, म्हणून तिने तो मागितला. त्याच्याने नाही म्हणवेना, त्याने भिंतींचा फोटो पाठवून दिला. कुठली खिडकी, तिने फोनवर विचारलं. तिसरा मजला, डावीकडून चौथी, त्याने सांगितलं. ताईने फोटो मोठा करून पाहिला.

"अरे, इथे तर नुसता उजेड आहे."

"तिथेच उभी होती ती," तो म्हणाला. "मी आधी भिंती घेतल्या, ताई."