माझ्या आगाऊ भुवया

डेन्मार्कमधल्या ओडेन्सच्या इस्पितळात, आमच्या श्रवण विभागात, रीत आहे: जो घोळ घालील त्याने सगळ्यांना केक आणायचा. दोन वर्षांत मी अकरा केक आणले. माझ्या शिक्षणावर आख्खा विभाग बाळसं धरून बसलाय.

त्या दिवशी माझी शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती. आधी दोनदा आपटले होते. तिसऱ्यांदा आपटले तर अभ्यासक्रमातूनच डच्चू. परीक्षक लिस्बेट कोपऱ्यात कॉफी पीत बसली होती. परीक्षा संपेपर्यंत ती काही बोलत नाही, आणि त्यानेच माणूस अर्धमेला होतो.

पेशंट होता व्हिगो, वय एक्क्याऐंशी. त्याला त्याची बायको एस्थर ओढून घेऊन आली होती.

"माझे कान ठणठणीत आहेत," व्हिगो म्हणाला. "हीच पुटपुटते."

"घरात धुराचा भोंगा बोंबलत होता," एस्थर म्हणाली, "आणि हे महाशय पेपर वाचत होते!"

व्हिगोला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन घातला, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मी बारीक आवाज सोडला. त्याने बटण दाबलं. आणखी बारीक. दाबलं. मलासुद्धा ऐकू येणार नाही इतका बारीक सोडला, तरी पठ्ठ्याने दाबलं!

"वा," लिस्बेट म्हणाली. "कान अठरा वर्षांच्या पोराचे." आणि तिने सही करायला पेन उघडलं.

तेवढ्यात मला टेबलावर हेडफोनची पिन दिसली. मोकळी. हेडफोन आधी आपल्या कानाला लावून बघायचा, हा पहिल्या वर्षाचा पहिला धडा, आणि मी तोच विसरले होते. गप्प बसले असते तर पास होते. पण माझ्या बाजूला उभ्या एस्थरचं तोंड एवढंसं झालं होतं, ते बघवेना.

"लिस्बेट, पिन लावलेलीच नाही," मी म्हणाले. मग व्हिगोला हातवारे करून बाहेर बोलावलं आणि ओरडून विचारलं, "आवाजच नव्हता, मग बटण कसं दाबलंत?"

"तू भुवया उडवल्यास की दाबायचं ना, पोरी?" तो निरागसपणे म्हणाला. "घरीही मी तेच करतो. हिच्या भुवयांवर पंधरा वर्षं संसार चाललाय."

पिन लावली आणि त्याच्याकडे पाठ करून पुन्हा तपासलं. या खेपेला त्याने तीनदाच बटण दाबलं.

"पास," लिस्बेट म्हणाली. "चूक स्वतःहून सांगितलीस म्हणून. केक मात्र दोन. एक पिनेचा, एक भुवयांचा."

मला रडूच फुटलं. डोळे पुसत मी व्हिगोच्या कानांमागे श्रवणयंत्रं बसवली, चालू केली. एस्थर त्याच्या मागे उभी होती. ती अगदी हळू म्हणाली, "व्हिगो."

तो गर्रकन वळला. एस्थरच्या भुवया कपाळाला भिडल्या.

"भुवया नको उडवूस," व्हिगो म्हणाला. "ऐकू आलं."